पट्टा लावलाय की, साहेब

आमचं गाव कागलच्या अलीकडं, हायवे सोडून आत. तुमी सुरुवातीपासनं सांगा म्हणला म्हणून सांगतो, न्हायतर माझ्या जल्माची कथा काय ऐकण्यासारखी न्हाय. आजा मेंढरांमागं फिरायचा, वडलांनी मेंढरं मोडली आणि गुऱ्हाळावर जाळ घालाय लागलं, गुळाच्या कढईखाली चिपाडं सारत बसायचं, त्या धगीनं तेंचं डोळं कायम लाल असायचं, तेंनी मला सांगितलं की तू असा आगीपुढं बसू नगंस, हातातलं कायतर शिक. मी शिकलो ते स्टेरिंग. पयला ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, इचलकरंजीच्या कापडाच्या गाठी भरायच्या आणि गुजरात, राजस्थान, म्हयना म्हयना घराचं तोंड बघायचं न्हाय. पोरगं झाल्याली बातमी मला ढाब्यावर कळली, चालाय लागलं ते ढाब्यावर कळलं, दात आलं ते ढाब्यावर कळलं. लगीन तेवढं माझ्या म्होरं झालं, कारण मीच नवरा हुतो.

आता गुडघं गेलं. ट्रक झेपंना झाला तशी मी कोल्हापुरातल्या एका मालकाकडं कार चालवाय लागलो. मालकाच्या गाड्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीला लावल्याल्या हायत, सकाळी साहेब लोकास्नी कोल्हापुरातनं उचलायचं, कंपनीत सोडायचं, सांजच्याला परत. गाडी रातीला माझ्याच दारात असती, सकाळी लवकर निघाय लागतंय म्हणून. कंपनीनं पांढरा शर्ट दिलाय, इस्त्री करून घालाय लागतोय. आमची मंडळी, रखमा, तेला निळ घालून असा पांढराशिप्पट धुती की आमच्या गल्लीतली पोरं मला पुढारी म्हणत्यात. म्हणूद्यात. पुढाऱ्याला उनातान्हात गाडी पुसाय लागत न्हाय एवढाच फरक.

आता पोराचं सांगतो, ते सांगितल्याबिगार पुढचं तुम्हास्नी कळायचं न्हाय. सागर त्येचं नाव. एकटाच. त्येनंबी स्टेरिंगच धरलं, मी नगं म्हणत हुतो तरी धरलं, भाजीचा पिकअप घेऊन पुण्याला जायचा. पोरगं गुणाचं, दारू न्हाय, तंबाखू न्हाय, पर सीटबेल्टचं वाकडं. नव्या गाड्या तुम्हास्नी ठावंच हाय, पट्टा न्हाय लावला की टूं टूं टूं वरडत्यात. तर ह्यो पट्टा पाठीमागनं बक्कलात अडकवायचा आणि तेच्या म्होरं बसायचा. गाडीला वाटायचं लावलाय. मी म्हणायचो आरं, गाडीला फसवून तुला काय मिळतंय, तर म्हणायचा आबा, गळ्याला काचतंय. साताऱ्याच्या अलीकडं म्होरला कंटेनर एकाएकी थांबला. शेजारी बसल्यालं पोरगं, क्लीनर, पट्टा लावून बसलंतं, त्येला खरचटलंसुदीक न्हाय. आमचा सागर गेला. चौथं वरीस चाललंय आता.

तवापासनं मी कानाला खडा लावला. दारातनं गाडी म्हशीच्या गोठ्यापतूर मागं घ्यायची असली तरी पट्टा लावतो. लोकं हसत्यात. हसा म्हणतो. माझ्या ह्या पांढऱ्या शर्टावर बघा, हितं खांद्यापासनं पोटापतूर तिरकी काळपट रेघ हाय, ती पट्ट्याची, रखमा घासून घासून दमली, जात न्हाय.

आणि काय सांगू पावणं, त्याच माझ्या गाडीत एक दिवस टूं टूं सुरू झालं. पट्टा लावल्याला, टक्कन् आवाज आल्याला, आणि तरी म्होरं पट्टा न लावल्याचा तांबडा दिवा लागल्याला, बसल्याल्या मानसाचं चित्र असतंय तो. मी काढला, परत लावला. गप झाली. हायवेला खड्डा आला की परत टूं टूं. मागं साहेब बसल्यालं, तेंनी मोबाईलातनं मान वर केली, म्हणलं मामा, पट्टा लावा की. म्हणलं लावलाय की, साहेब. तेंनी वाकून बघितलं, हां म्हणलं, आणि परत मोबाईलात गेलं. त्येंच्या कानाला त्येची पाच मिनटात सवय झाली असंल, मला न्हाय झाली. तो आवाज आला की मला दुसरंच ऐकू यायचं. आमच्या पोरानं तो आवाज बंद केला नसता तर, हे असलं कायतर डोक्यात फिरायचं.

मग लागलो उद्योगाला. बक्कलात फुंकर मारली. पट्ट्याची जीभ फडक्यानं पुसली. दोस्तानं सांगितलं स्प्रे मार, गंजाचा असतोय तो, मारला चांगला भसाभसा, तर दोन दिस जास्तच वरडाय लागली. सीटखाली हात घालून वायरी हलवल्या, पाण्याची बाटली घरंगळून वायरीवर बसती का बघितलं, बॅटरीचं कनेक्शन काढून परत लावलं. एक दिस गप, दुसऱ्या दिशी परत. असं लबाड दुखणं की दाखवाय गेलं की बरं असतंय.

कंपनीच्या पार्किंगमधी आमी ड्रायव्हर लोक झाडाखाली बसतो. तितं सगळ्यांनी मला येड्यात काढलं. बाजारात नुसतं बक्कलात घालायचं लोखंडी तुकडं मिळत्यात, पट्ट्याबिगारची जीभ, ती खुपसायची आणि मोकळं बसायचं, निम्म्यांच्या गाडीत तसलंच हाय. म्हणलं मला नगं. एकजण म्हणला आबा, तुमी पट्टा लावून तांबडं आणि आमी न लावता हिरवं, कसं काय म्हणावं हे. सगळी हसली. मीबी हसलो, काय करणार.

पर हसण्यावारी जाणारं ते न्हवतं. कंपनीनं गाड्यांमधी एक डबी बसवलीया, काळी, तळहाताएवढी. गाडी किती पळती, कवा ब्रेक मारला, पट्टा लावला का न्हाय, सगळं ती डबी कंपनीच्या कॉम्प्युटरवर सांगती. तितं माझ्या नावाम्होरं नुसता तांबडा रंग. गाड्यांचं बघणारं साहेब हायत, देसाई साहेब, तरणं हायत, मानूस वाईट न्हाय. तेंनी बोलवून घेतलं, खुर्ची दिली, आणि म्हणलं मामा, सगळ्या ड्रायव्हरात पट्ट्याचा नियम सगळ्यात जास्त तुमी मोडलाय. मी. सगळ्यात जास्त. मी शर्ट म्होरं केला, म्हणलं साहेब, ही रेघ बघा, ही कशाची हाय. तेंनी बघितली. म्हणलं माझा इस्वास हाय मामा, पर रेघ मला वर पाठवता येत न्हाय, वर हे कागद जात्यात. गाडी दुरुस्त करून आणा, न्हायतर ह्या म्हयन्यानंतर तुमाला ह्या गाडीवर ठेवता येणार न्हाय.

आता तुमी म्हणशीला, एक नोकरी गेली तर दुसरी. ह्या वयात कोण देतंय ओ. एमआयडीसीत एका कंपनीनं काढलं की दुसऱ्या गेटवर आदी फोन जातोय, का काढला म्हणून. आणि काढला कशासाठी, तर पट्टा लावत न्हवता म्हणून. खरं सांगू, नोकरीपरीस तेच मला जास्त खुपत हुतं. गावात काय म्हणतील, पोरगं पट्ट्याबिगार गेलं आणि बाप अजून तसाच चालवतोय, ह्याला काय काळीज हाय का न्हाय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणत्यात ती ही. जेवण जायना झालं. रखमा इचारायची काय झालंय, मी तिच्यावर खेकसायचो, गाडीचं हाय, तुला कळणार न्हाय. ती गप बसायची. तिचं गप बसणं असंच हाय, चार वर्षं.

मालकाला सांगितलं तर म्हणला शोरूमला न्या. शोरूममधी एसीत बसवलं, चहा दिला, पोरांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटर म्हणला सगळं बरं हाय, कारण त्या दिशी ती वरडतच न्हवती. तरीबी सीटखालची वायर घट्ट करून दिली, गाडी धुऊन दिली, बोनेट उघडून पाणी बघितलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. कागलपतूर गप आली आणि गेटवर वरडली. परत नेली तर म्हणलं आख्खा सेट बदलाय लागंल, मागवाय लागंल, कवा येईल सांगता येत न्हाय. म्हयना तर संपत आल्याला.

शेवटी मालकच म्हणला उद्यमनगरात इकबालभाईकडं जावा. इकबालभाई गाड्यांच्या वायरींचं काम करत्यात, बोळात बारकं दुकान, माझ्याच वयाचं. मी गेलतो तवा जेवत हुतं, म्हणलं बसा पावणं, आदी जेवतो मग बघतो, गाडी कुटं पळून चाललीया. जेवलं, हात धुतलं, आणि सीटवर बसून पट्टा नुसता घालून काढून, घालून काढून, कान लावून ऐकत बसलं. म्हणलं टक्कन् आवाज येतोय पर बसका येतोय, आत कायतर हाय. आत एक बारकं बटण असतंय, जीभ आत गेली की दाबलं जातंय, मग गाडीला कळतंय. सीटचं बक्कल सोडवून घेतलं, उघडलं आणि वर्तमानपत्राच्या कागदावर उलटं करून ठोकलं.

पिवळी ढेकळं पडली. तेलात भिजून घट्ट झाल्याली, आणि वर कोरडी भुकटी. इकबालभाईंनी चिमटीत धरून वास घेतला, म्हणलं हळद हाय की ओ ही, गाडीत सैपाक करता काय. मला एका नजरंत कळलंतं. ती हळद न्हवती नुसती, भंडारा हुता, आमच्या बिरदेवाचा. आमच्या घरात देव्हाऱ्यापुढं पितळेच्या वाटीत असतोय. आणि माझ्या घरात तेला हात लावणारं एकच मानूस हाय.

मी तितंच स्टुलावर बसलो. म्हणलं इकबालभाई, ह्यो आमच्या मंडळीनं बसवल्याला देव हाय. मी मारलेल्या स्प्रेनं चिखल केला त्येचा. ते हसतील वाटलं हुतं, हसलं न्हाईत. ब्रश घिऊन बटण साफ केलं, पेट्रोलनं धुतलं, वारा मारला, बसवलं. धा वेळा घालून काढून बघितलं, दिवा टकाटक इझतोय. मग तो कागद तसाच गोळा करून, पुडी बांधून माझ्या हातात दिली, म्हणलं ही गटारात टाकायची न्हाय, घरी घिऊन जावा.

घरला येईपतूर गाडी एकदाबी वरडली न्हाय. मी मातूर मनात वरडत हुतो. आपलंच दात आणि आपलंच ओठ, कुणाला बोलायचं. म्हणजे हिनं माझ्या मागारी, मी आंघुळीला गेलो की, रोज सकाळी दार उघडून माझ्या बक्कलात भंडारा घालायचा, आणि मी इकडं जगापुढं चोर ठरायचा. दारात गाडी लावली, चपला काढल्या न्हाय तशीच आत गेलो. ती चुलीम्होरं भाकरी थापत हुती. मी पुडी परातीशेजारी टाकली. म्हणलं हे काय हाय. माझी नोकरी चाललीती ह्याच्यापायी, साहेबानं मला खोटारडा ठरवला, पोरगं तसं गेलं आणि बाप असा म्हणून गावभर झालं असतं, हे काय हाय.

तिनं पुडी बघितली. भाकरी थापायची थांबली न्हाय. हळू म्हणली, कपाळ दिलं न्हाईसा तुमी. मग कुटं लावायचा मी?

आता हे मी कुणाला सांगितल्यालं न्हाय. सागर शेवटचा घरातनं निघाला त्या सकाळी तिनं त्येच्या कपाळाला भंडारा लावलता, मूठभर, ते हसत हुतं, आई बास, डोळ्यात जातंय. दवाखान्यात मला चादर वर करून दाखवलं तवा तो भंडारा कपाळावर तसाच हुता. पिवळाधमक. मी माझ्या हातानं पुसला. घरी आल्यावर देव्हाऱ्यातली वाटी उचलून अंगणात फेकली, म्हणलं आजपासनं माझ्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाय, हितं देव न्हाय. तिनं अंगणातनं येचून भरली वाटी, आणि परत जाग्यावर ठेवली. मला कधी लाव म्हणली न्हाय. मला वाटलं संपलं ते.

ती सांगाय लागली, चुलीकडं बघत. म्हणली तुमी निघाला की गाडी दिसंनाशी हुईपतूर मी उंबऱ्यात उभी ऱ्हाते. तुमी सांगता पट्टा मला धरतोय. मग त्या पट्ट्याला कोण धरणार, म्हणून देवाला तितं बसवला. तुम्हास्नी दिसू नये म्हणून आत घातला. मला काय ठावं गाडीला दिसतोय ते. आणि मग भाकरीचं पीठ लागल्यालं हात तोंडावर घिऊन रडली, चार वर्षांत पयल्यांदा माझ्यापुढं. तव्यावरची भाकरी करपली. मी उलटली ती, मला जमत न्हाय, मोडली. तशीच दोघांनी खाल्ली.

दुसऱ्या दिशी मी देसाई साहेबांकडं गेलो, म्हणलं झालं काम, तपासा. तेंनी थोडं दिस बघितलं, माझ्या नावाम्होरं हिरवं आलं. म्हणलं मामा, काय निघालं आत? म्हणलं कचरा हुता, साहेब. कचरा म्हणताना माझी जीभ अडली, पर दुसरं काय सांगणार. तेंनी वर लिहून पाठवलं की गाडीत बिघाड हुता, ड्रायव्हरची चूक न्हवती. तेवढं बास झालं मला. झाडाखाली जाऊन बसलो तर कुणी इचारलंबी न्हाय, तेंचं दुसरंच कायतर चाललंतं.

पर त्या सकाळी साहेबांकडं जायच्या आदी घरात जे झालं ते सांगायचं ऱ्हायलं. मी गाडीत बसलो, पट्टा लावला, दिवा इझला. रखमा वाटी घिऊन उंबऱ्यात उभी. म्होरं येईना. चोरी सापडल्यावर मानूस कसं उभं ऱ्हातंय तशी. मला वाटलं असंच निघावं. गियर टाकला. मग काढला. काच खाली घेतली आणि मान बाहेर काढली. म्हणलं, ये. तिला खरं वाटंना, तितंच उभी. म्हणलं आगं ये लवकर, कंपनीत जायचं हाय, बक्कलात घालण्यापरीस हितं घाल. आली. बोट वाटीत घातलं, कपाळाला टेकलं. म्हणली, जरासाच लावते, शर्टावर सांडंल.

देवाचं आणि माझं अजून मिटल्यालं न्हाय, पावणं. मी बोलत न्हाय त्येच्यासंगं, आणि त्येच्याकडनंबी कायी निरोप न्हाय. दमलोय मी आता, भांडायचाबी कंटाळा येतोय. पर कपाळ माझं हाय आणि भंडारा तिचा हाय, त्यात देवानं कशाला पडायचं. रोज सकाळी मान बाहेर काढतो, डोळं मिटतो. पयलं चार दिवस डोळं मिटलं की सागरच दिसायचा, चादरीतला. आता कधी कधी ते हसणारं दिसतंय, डोळ्यात जातंय आई म्हणणारं. तेवढ्यासाठी जरा जास्त येळ मिटून ठेवतो. रखमाला वाटतंय मी देवाचं नाव घेतोय. वाटूद्या.